अपलाप आणि अध्यारोप : ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ व राजधानी अहमदनगर

अहमदनगरच्या निजामशाहीविषयीं आजवर जें लेखन झालें त्यास फेरिस्त्याचा इतिहास व सय्यद अली तबातबा याचा ‘बुर्हाण-इ-मआसिर’ या दोन ग्रंथांचा आधार मुख्य आहे. तिसरें एक साधन पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांत आहे. तें म्हणजे आफताबी या कवीचें ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हें सचित्र फारसी काव्य होय. चित्रकलेच्या अभ्यासकांनीं त्यांतील चित्रांचा परामर्श घेतला आहे. तालिकोटच्या लढाईच्या निमित्तानें इतिहासकारांनींही त्यांत डोकावून पाहिलें आहे. परंतु एका राजधानीचा इतिहास कसा पुसला जातो व पुसल्या जागीं दुसरें कांहीं कसें चढविलें जातें, याचा साक्षीदार म्हणून या ग्रंथाकडे पाहणें अवश्य आहे, असें आम्हांस वाटतें. तेवढ्याच हेतूनें ही चिकित्सा केली आहे. आम्ही फारसीचे पंडित नव्हों. आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. जी. टी. कुलकर्णी व एम्. एस्. माटे यांनीं या काव्याचें जें इंग्रजी भाषांतर मंडळातर्फे १९८७ मध्यें प्रसिद्ध केलें, त्याचें साहाय्य नसतें तर या वाटेस आम्ही गेलोंच नसतों.

(१) प्रथम ग्रंथाचा काळ पाहूं. मलिक अहमद यानें १४९० च्या मे महिन्यांत भिंगारजवळ बहामनी फौजेचा मोड केला, त्या जागीं बाग घातली, आणि १४९४ मध्यें सीनेच्या कांठीं आपल्या नांवाचें शहर वसविलें. दोन तीन वर्षांतच तें बगदाद व कैरो यांच्या तोडीचें झालें, असें फेरिस्ता म्हणतो. अतिशयोक्ति वजा जातां शहर झपाट्यानें वाढलें एवढें त्यावरून निश्चित होतें. अहमदाचा पुत्र बुर्हाण, बुर्हाणाचा पुत्र हुसेन. हुसेनाची कारकीर्द १५५३ ते १५६५. पूर्वीच्या मातीच्या कोटाच्या जागीं आज दिसणारी दगडी तटबंदी याच हुसेनशहानें १५५९ च्या सुमारास घालण्यास आरंभ केला. जानेवारी १५६५ मध्यें विजयनगरच्या रामरायाचा पाडाव झाला, आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत हुसेनशहा मरण पावला. पुत्र मुर्तजा अल्पवयी. सबब कारभार त्याची माता खुंजा हुमायून हिच्या हातीं आला, व १५६९ च्या सुमारास मुर्तजानें तिला कैदेंत टाकीपर्यंत तिच्याच हातीं राहिला.

आतां, या काव्यांत रामरायावरील जयाचें वर्णन आहे. इतकेंच नव्हे तर रामरायाच्या शिरच्छेदाचें चित्रही आहे. जय व राजाचा मृत्यु यांत अवघे साडेचार महिने गेले. एवढ्या अवधींत काव्य रचून, सुवाच्य लिहवून, चित्रें काढवून पोथी सिद्ध होणें संभवत नाहीं. शिवाय काव्यांत राणीच्या रूपाची व गुणांची मोकळ्या मनानें केलेली स्तुति आहे. मुसलमानी दरबारच्या ग्रंथांत राणीचें असें वर्णन, व वर्णनाबरोबर राजाशेजारीं तिचें चित्र, ही गोष्ट अगदीं विरळा होय. सबब पोथी राणीच्या कारभाराच्या चार वर्षांत सिद्ध झाली, हें अनुमान बळकट ठरतें. हुसेनशहाची तारीफ करणारी पोथी खुद्द हुसेनशहाच्या दृष्टीस पडलीच नसावी. ती त्याच्या विधवेनें करविली असावी.

(२) काव्य म्हणून हिची योग्यता काय? प्रशस्तीचे जे दोष ते सर्व हिच्यांत आहेत. विजापूर, गोवळकोंडें व बेदर येथील सुलतान त्या मोहिमेंत बरोबरीनें होते. पण प्रशस्तीस नायक एकच लागतो. तेव्हां जयाची वांटणी या काव्यावरून कोणी करूं जाईल तर तो फसेल. स्तुतीचा हा दोष एकट्या आफताबीचा नव्हे. याच घराण्याच्या मूळ पुरुषाविषयीं वरील दोन इतिहासकार काय सांगतात तें पाहावें. फेरिस्ता म्हणतो, मलिक अहमदाचा बाप मलिक हसन हा मूळचा विजयनगरकडील ब्राह्मणाचा मुलगा, बहामनी फौजेच्या हातीं सांपडून मुसलमान झालेला. आणि त्याच्या पूर्वजांचा संबंध तो पाथरीच्या कुळकर्णाशीं जोडतो. तबातबा मात्र अहमदास बहामनी सुलतानाचाच औरस ठरवूं पाहतो. एकाच मनुष्यास दोन बाप कसे? उत्तर ग्रंथांत नाहीं. ग्रंथ कोणासाठीं लिहिला यांत आहे. फेरिस्ता तरुणपणीं नगरास चाकरीस होता, पण १५८९ मध्यें तो विजापुरास गेला व तेथें इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयास राहून त्यानें ग्रंथ रचिला. निजामशहाचें कुळ उंच करण्याची त्यास गरज नव्हती. तबातबा हा दुसऱ्या बुर्हाण निजामशहाच्या आज्ञेनें लिहीत होता. त्यास ती होती.

तेव्हां स्तुतिपर ग्रंथ वाचण्याची रीत अशी कीं, तो जें मोठ्यानें सांगतो त्यावर विसंबूं नये. तो सांगतां सांगतां जें गृहीत धरतो त्याकडे लक्ष द्यावें. आफताबीनें रामराय कसा पडला हें सांगितलें, त्याचा पडताळा इतरत्र घ्यावा. पण राजाबरोबर राणीचीही तारीफ केल्यावांचून राजाची तारीफ पुरी होत नाहीं, असें त्या काळीं नगरच्या दरबारांत वाटत होतें, ही गोष्ट त्यानें सांगितली नाहीं. ती त्याच्या काव्याच्या घडणींतून आपोआप निघते. आमच्या मतें या पोथीची खरी किंमत येथें आहे.

(३) आतां मुख्य मुद्दा. या पोथींत आज बारा चित्रें आहेत. त्यांपैकीं ज्यांत राजा सिंहासनावर बसलेला आहे व शेजारीं राणी असली पाहिजे, त्यांत राणीच्या जागीं पुसट डाग किंवा वरून चढविलेला रंग आहे. राजा जागच्या जागीं. सेवक, आसन, महिरप सर्व जागच्या जागीं. राणी मात्र नाहीं.

कोणी म्हणेल, पोथी जुनी, रंग उडाला असेल. पण काळ हा निःपक्षपाती असतो. तो राजाचा रंग ठेवून राणीचाच उडवीत नाहीं. दुसरा कोणी म्हणेल, सजीव प्राण्यांचीं चित्रें निषिद्ध मानणाऱ्या एखाद्या धर्मनिष्ठाचें हें कृत्य असेल. तसें असतें तर राजाचें तोंड प्रथम खरडलें गेलें असतें, आणि लढाईच्या चित्रांतील घोडेस्वारही वांचले नसते. तेव्हां पुसणाऱ्याचा रोख चित्रकलेवर नव्हता, एका व्यक्तीवर होता. आणि त्या व्यक्तीस १५६९ च्या सुमारास तिच्याच पुत्रानें सत्तेवरून काढून बंदींत घातलें, हें इतिहासावरून ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी एकमेकींस इतक्या जुळतात कीं, पुसण्याचा हेतु राजकीय होता यांत आम्हांस शंका वाटत नाहीं.

आमच्या शास्त्रकारांनीं, विशेषतः भाट्ट मीमांसकांनीं, ‘अनुपलब्धि’ हें एक प्रमाण मानलें आहे. वस्तु दिसत नाहीं एवढ्यावरून ती नाहीं असें म्हणतां येत नाहीं. ती असती तर जेथें खचित दिसली असती तेथें ती न दिसणें, हें प्रमाण होय. या पोथींतील मोकळी जागा त्या जातीची आहे. काव्य राणीविषयीं बोलत आहे, चित्राची मांडणी तिच्यासाठीं जागा राखून आहे, आणि ती नाहीं. पुसणाऱ्यानें पुसलें तें तिचें अस्तित्व; पण मागें ठेवला तो तिच्या महत्त्वाचा पुरावा. जी राणी नांवापुरती असती तिला पुसण्याचे श्रम कोणी घेतले नसते.

(४) हाताच्या मर्यादाही पाहण्यासारख्या आहेत. याच पोथींतील एका चित्रांत स्त्रीच्या स्पर्शानें वृक्षास फुलांचा बहर येतो असें दाखविलें आहे. चित्रकलेच्या अभ्यासकांनीं त्यास ‘दोहद’ हेंच संस्कृत नांव दिलें, तें यथार्थ आहे. ‘मालविकाग्निमित्रा’च्या तिसऱ्या अंकांत मालविकेच्या पादाघातानें अशोक फुलवावयाचा प्रसंग वाचकांच्या स्मरणांत असेलच, आणि कोणता वृक्ष सुंदरीच्या कोणत्या क्रियेनें फुलतो याची यादी मेघदूताच्या टीकेंत मल्लिनाथानें दिली आहे. फारसी काव्याच्या पोथींत हा संकेत आला कोठून? इराणांतून नव्हे, तो इथल्या मातींतून वर आला. चित्रकार इथला असेल, किंवा चित्र करविणारास इथला संकेत गोड वाटला असेल; कसेंही असलें तरी नगरच्या दरबाराच्या भिंती आपण समजतों तितक्या बंद नव्हत्या एवढें खरें. याच निजामशाहीच्या पदरीं राहून दलपतिराजानें ‘नृसिंहप्रसाद’ हा धर्मशास्त्राचा विशाल निबंध संस्कृतांत रचिला, हेंही येथें ध्यानांत घ्यावें. निजामशाही म्हणजे केवळ फारसी व लढाया, ही आमच्या शालेय पुस्तकांची समजूत या एका चित्रानें ढिली पडते.

(५) येथवर पुसण्याची गोष्ट झाली. आतां चढविण्याची.

शहराच्या पूर्वेस पाथर्डीच्या वाटेवर शाहडोंगर आहे. त्याच्या माथ्यावर अष्टकोनी, तीन मजली, वर घुमट असलेली एक भव्य दगडी इमारत आहे. नगरांत कोणासही विचारलें तर तो ‘चांदबिबीचा महाल’ असें उत्तर येतें. वस्तुतः ती मुर्तजा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर आहे. सलाबतखानानें बरीच वर्षें राज्याचा कारभार पाहिला, फराहबागेंतील तळ्यांतला महाल १५८३ मध्यें पुरा केला, आणि १५८९ मध्यें तो वारला. फेरिस्ता त्याच्या कारभाराच्या दिवसांत नगरास होता. म्हणून त्यानें या वजिराची जी वाखाणणी केली ती ऐकीव नव्हे, पाहिलेली आहे. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतही ही इमारत कबर म्हणूनच नोंदली आहे.

चांदबिबीचा या डोंगराशीं संबंध काय? ती हुसेनशहा व खुंजा हुमायून यांची कन्या. विजयनगरावरील मोहिमेपूर्वीं तिचें लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशीं झालें व सोलापूरचा किल्ला आंदण दिला गेला. पुढें १५९५ च्या डिसेंबरांत शाहजादा मुराद नगरच्या किल्ल्यास वेढा घालून बसला, तेव्हां तिनें किल्ला लढविला. फेब्रुवारी १५९६ मध्यें सुरुंगानें तट फुटला असतां तिनें स्वतः उभें राहून रातोरात तो भरून काढविला. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला. १६०० मध्यें दुसऱ्या वेढ्यांत आपल्याच फितुरी लोकांच्या हातून ती किल्ल्यांत मारली गेली. तिचा सारा पराक्रम त्या वाटोळ्या तटाच्या आंत झाला, डोंगरावर नव्हे.

येथें आम्हांस आपला एक अपराध कबूल केला पाहिजे. मास्तरकी करीत असतां आम्ही दरवर्षीं मुलांची सहल या डोंगरावर नेत असूं, आणि चांदबिबी या सज्जांतून मोंगलांची छावणी न्याहाळीत असे, असें मोठ्या रसानें सांगत असूं. एका वर्षीं एक मुलगा तळघरांत उतरून आला व त्यानें विचारलें, ‘गुरुजी, हा महाल, तर खालीं थडगीं कोणाचीं?’ आम्हीं त्यास कांहींतरी सांगून गप्प बसविलें. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. इमारतीच्या पोटांत तिच्या धन्याची साक्ष होती, ती एका दहा वर्षांच्या पोरानें वाचली, आणि आम्हीं वीस वर्षें तिच्या डोक्यावर उभें राहून वाचली नव्हती. सेवानिवृत्तीनंतर या शोधाच्या नादीं आम्ही लागलों तें त्या प्रश्नामुळें. तो मुलगा आतां प्रौढ झाला असेल; हा लेख त्याच्या दृष्टीस पडला तर त्यास उत्तर मिळेल.

वेदान्तांत एका वस्तूवर दुसरीचा भास होतो त्यास अध्यारोप म्हणतात. दोरीवर सर्प, शिंपींत रुपें, आणि सलाबतखानाच्या कबरीवर चांदबिबीचा महाल. हा अध्यारोप द्वेषानें झालेला नाहीं, प्रेमानें झाला आहे. किल्ला लढविणाऱ्या राणीस कांहींतरी डोळ्यांनीं दिसेल असें स्मारक असावें, असें लोकांस वाटलें आणि शहरांतून दिसणारी उंच इमारत त्यांनीं तिला देऊन टाकली. या भावनेचा आम्ही उपहास करीत नाहीं. पण तिचा परिणाम काय झाला? सलाबतखानाचें नांव गेलें तें गेलेंच. चांदबिबीच्या पराक्रमाचें खरें स्थळ जो तट, त्याकडेही कोणी त्या दृष्टीनें पाहीनासें झालें. देणगी देतांना दोघांचेंही नुकसान झालें.

आणि यांत एक विलक्षण योग आहे. जिला पुसलें ती आई, जिच्यावर चढविलें ती मुलगी. एकीचें नांव दरबारानें द्वेषानें घालविलें. दुसरीचें लोकांनीं प्रेमानें भलत्याच जागीं बसविलें. खुंजा हुमायूनच्या कारभारांत, १५६७-६८ सालीं, किल्ल्याजवळ साहिरखानानें कोरीव दगडकामाची दमडी मशीद बांधली. मजुरांनीं रोजच्या मजुरींतील एकेक दमडी देऊन ती उभारली, अशी कथा नगरांत सांगतात. मशीद पाहावयास जाणारास दमडीची कथा ऐकावयास मिळते, साहिरखानाचें नांव क्वचित् मिळतें, आणि त्या सालीं राज्य कोण चालवीत होतें हें कोणीच सांगत नाहीं. चांदबिबीनें तटावर उभें राहण्याचें धैर्य कोठून आणलें, असा प्रश्न पुष्कळ लेखक करतात. तिच्या आईनें त्याच किल्ल्यांतून चार वर्षें राज्य हांकिलें होतें, हें उत्तर पोथींतल्या डागाखालीं झाकलेलें आहे.

(६) पुसल्यावांचून नवें लिहितां येतें, याचें उदाहरण नगरच्याच मालाचें आहे. विजापुरास असलेली ‘मलिक-इ-मैदान’ तोफ मूळची इथली. १५४९ मध्यें रूमीखानानें ती अहमदनगरास ओतली, व निजामशहाचें आणि ओतणाऱ्याचें नांव तिजवर आहे. विजापूर घेतल्यावर औरंगजेबानें आपल्या जयाचा लेख तिजवर घातला, पण पहिले लेख तसेच ठेवले. एवढ्या एका बाबतींत त्या बादशहाचें वर्तन पुष्कळ संशोधकांस अनुकरणीय आहे. त्यामुळें आज एकाच तोफेवर दोन राज्यांचा इतिहास वाचतां येतो.

हाच न्याय नांवांस लावावा. इ. स. २०२४ मध्यें शासनानें या शहराचें व जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर असें केलें. अहिल्याबाई होळकर यांचें जन्मस्थान चौंडी याच जिल्ह्यांत आहे. आजच्या व्यवहारांत आजचें नांव चालेल. परंतु जुना कागद छापतांना, पोथीच्या सूचींत, किंवा निजामशाही राजधानीविषयीं लिहितांना कागदांत जें नांव असेल तेंच ठेवावें. कागदाचें नांव बदलणें म्हणजे कागद पुसणें. डोंगरावरच्या इमारतीचीही व्यवस्था तशीच व्हावी. लोकांचें ‘चांदबिबीचा महाल’ हें नांव खोडूं नये, पण त्याच्या आधीं ‘सलाबतखानाची कबर’ असें लिहावें. आणि चांदबिबीचें नांव किल्ल्याच्या तटापाशीं, जेथें तें शोभतें तेथें, लिहावें.

शेवटीं संग्राहक बंधूंस दोन शब्द. आपल्या घरीं असलेल्या सचित्र पोथींत एखादें तोंड खरडलेलें, एखादी ओळ हरताळ लावून झाकलेली, एखादें नांव बदललेलें सांपडलें तर तिला दोष समजून दुरुस्त करवूं नये. डागावर नवा रंग चढविणारा कारागीर कितीही कुशल असो, तो साक्षीदाराचें तोंड बंद करतो. तसेंच चित्र पोथींतून कापून वेगळें विकूं नये. पोथी सुटली कीं चित्राचा काळ, कर्ता, प्रसंग सर्व सुटलें, आणि मग तें केवळ शोभेचें कागदाचें तुकडें होतें. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ची चित्रें काव्यासह एकत्र राहिलीं म्हणूनच रिकामी जागा कोणाची हें आज सांगतां येतें. तीं सुटीं असतीं तर आम्हीं त्या डागास ‘चित्र खराब झालें आहे’ एवढेंच म्हटलें असतें, आणि मुर्तजाचें काम पुरें झालें असतें.

फारसी जाणणाऱ्या तरुण अभ्यासकांनीं या पोथीची, पुसलेल्या जागांच्या स्पष्ट छायाचित्रांसह, मूळ पाठ व मराठी भाषांतर असलेली आवृत्ति सिद्ध करावी, अशी आमची विनंति आहे. संस्कृत बाजूनें जें साहाय्य लागेल तें आम्ही देऊं.